एकोणीस पायऱ्यांचा सत्कार

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक पायरी अशी येते, की जिच्यावर क्षणभर थांबलं असता त्याला आपलं मागचं सगळं आयुष्य स्वच्छ दिसतं. माझ्या बाबतीत ती सातवी पायरी होती. तिच्यावर मी क्षणभर नाही, चांगली दहा मिनिटं थांबले होते, आणि तिथून मला फक्त खालच्या दुकानदाराचं टक्कल दिसत होतं. तेही स्वच्छ नव्हतं. त्यावर हळद उडालेली होती.

जिना माझ्याच घराचा. दाना ओली नावाच्या गल्लीत मसाल्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझ्या दोन भाड्याच्या खोल्या आहेत. तिथे जायला एकोणीस दगडी पायऱ्या, कठडा नाही, आणि धरायला वरच्या कडीतून सोडलेला एक जाड दोर. हा जिना ज्याने बांधला, त्याच्या मनात वर येणाऱ्यांविषयी काहीतरी जुना राग असावा. तरी बत्तीस वर्षं मी याच जिन्याने उतरून कॉलेजच्या ग्रंथालयात गेले आणि याच जिन्याने परत आले. जिन्याने मला कधी पाडलं नाही.

हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आमच्या सगळ्या नातेवाइकांत आता उलटंच पसरलं आहे. मी पडले ती माझ्या धाकट्या भावाच्या घरी. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत, तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, आरशासारख्या फरशीच्या बाथरूममध्ये. गणपतीला जेवायला गेले होते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी "काही दिवस जिना नको" म्हटल्यावर मला ज्या घरात पाडलं होतं त्याच घरात बरं व्हायला नेण्यात आलं.

भाऊ सरकारी नोकरीतून निवृत्त झाला आहे. निवृत्तीनंतर त्याने आधी मधुमेह केला, मग योग केला, आणि मग कुठल्याशा तीन दिवसांच्या शिबिरातून तो 'छोटं यश' घेऊन आला. रोज आपण केलेली एक छोटी गोष्ट वहीत लिहायची, चारचौघांत वाचायची, आणि तिच्यावर उद्याची गोष्ट रचायची. तो आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस असल्यामुळे ही साथ मंडळातही पसरली. वह्या छापून आल्या. वहीच्या मुखपृष्ठावर घोडेस्वार होता. आमच्याकडे कशाच्याही मुखपृष्ठावर घोडेस्वार असतो. पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इथे उत्तरेत आले, त्याला किती पिढ्या झाल्या, पण आमचे वक्ते अजून घोड्यावरून उतरलेले नाहीत. आमच्या घराण्याचा मूळ पुरुष घोडदळात होता हे खरं आहे. पण मी जुने कागद वाचलेले आहेत. तो घोड्यांना चंदी घालायचा.

रात्रीच्या जेवणाआधी, सातच्या सुमाराला, भाऊ सगळ्यांना टेबलाशी बसवायचा. त्याची मुलगी घरूनच नोकरी करते. तिला मधूनच उठून यावं लागे.

"चला, आजचं यश," तो म्हणायचा.

"कढी फुटली नाही," भावजय म्हणायची. ती रोज भाजी चिरता चिरताच सांगायची, मान वर न करता.

"आणि तू?"

"बाबा, माझं तर आज काहीच नाही झालं," पुतणी म्हणाली. "बॉसने डांटा नहीं. ये चलेगा?"

"चलेगा. लिख. आणि ताई?"

मी त्या दिवशी वॉकर धरून खाटेपासून संडासापर्यंत एकटी गेले होते. मी ते सांगितलं. भावाने टाळ्या वाजवल्या. नुसत्या वाजवल्या नाहीत, उभं राहून वाजवल्या. सत्तरीला आलेल्या बाईला लघवीला जाऊन आल्याबद्दल टाळ्या मिळाल्या, की तिला कळतं की आपलं आता फार काही उरलेलं नाही असं सगळ्यांनी धरून टाकलं आहे.

तरी मी लिहीत गेले. बाल्कनीपर्यंत. फाटकापर्यंत. वॉकर सोडून काठी. भाऊ ते मंडळात वाचून दाखवी: "ताईंनी काल फाटकाचा किल्ला सर केला." आमच्या गावात खरा किल्ला डोळ्यांसमोर उभा असताना फाटकाला किल्ला म्हणायचं धाडस फक्त चिटणीसच करू शकतो.

संक्रांत झाली तेव्हा मी विचारलं, "मी घरी कधी जायचं?"

भावाने माझी वही काढली. पानं उलटली. "तूच बघ ना ताई. इथे येऊन तुझी किती प्रगती झाली. मी नाही म्हणत, वही म्हणते."

तेव्हा मला त्या वहीचं काम कळलं. मी पाऊल टाकलं, की ते तळमजल्याचं यश. नाही टाकलं, तर मी अजून जिन्याच्या लायक नाही. दोन्हीकडून मी तिथेच राहणार होते. पुढचं त्याने हळूच सांगितलं, आनंदाची बातमी सांगावी तसं. माझ्या घरमालकाशी तो बोलून आला होता. गुढीपाडव्याला, शुभ दिवस म्हणून, किल्ली परत द्यायची. माझी पुस्तकं मंडळाला द्यायची. त्यांचं वाचनालय होईल, दारावर आमच्या वडिलांच्या नावाची पाटी लागेल.

"मला विचारलंस?"

"तुला का परेशान करायचं? तू यशावर लक्ष दे."

जुनी जागा आहे. तिची किल्ली एकदा मालकाच्या हातात गेली, की पुन्हा कुणाच्या हातात येत नाही. माझ्याजवळ पाडव्यापर्यंतचे दोन-अडीच महिने होते, आणि चढायला एकोणीस पायऱ्या.

आठवड्यातून दोनदा मला पडाव भागातल्या दवाखान्यात व्यायामाला न्यायचे. बरोबर भावजय यायची. एका मंगळवारी व्यायाम संपल्यावर मी ऑटोवाल्याला दाना ओलीला चलायला सांगितलं. भावजयीने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं.

"वन्सं, मला बाड्यावर बाजारात काम आहे," ती म्हणाली. "तासभर लागेल. सव्वा तास." आणि मला दुकानाशी उतरवून ती पुढे गेली. काय काम, हे मी तिला विचारलं नाही. माझं काय काम, हे तिनेही कधी विचारलं नाही. आमच्या दोघींत तीस वर्षांत झालेला हा सर्वांत लांब संवाद.

दुकानदार हाच माझा घरमालक. त्याच्या वडिलांपासून मी भाडेकरू आहे, त्यामुळे तो मला बुआजी म्हणतो, आणि त्याला माझ्या खोल्या गोदामासाठी हव्या आहेत. दोन्ही गोष्टी तो सारख्याच आदराने बोलतो.

"भाईसाहब तो पड़वा को चाबी का बोल गए हैं," तो म्हणाला.

"चावी मेरे पास है."

"आपके पास तो है, बुआजी. पर ऊपर जाएगा कौन?"

मी काठी त्याच्या गल्ल्याला टेकवली आणि दोर धरला. पहिल्या दिवशी तीन पायऱ्या झाल्या. उतरताना बसून उतरले, लहान मूल उतरतं तशी. साडीला मिरचीची पूड लागली.

"तीन," तो म्हणाला. टाळ्या नाहीत, शाबासकी नाही. "शुक्रवार को दोपहर बाद आइएगा. सुबह बोरियां उतरेंगी."

पुढच्या वेळी चार. मग परत तीनच. मग पाच. तो आकडा सांगायचा आणि गिऱ्हाइकाकडे वळायचा. एकदा मी पाचवर थांबून म्हटलं, "आज छह लिख लो, पांव तो रख ही दिया था."

"रखा था, चढ़ीं नहीं," तो म्हणाला. "पांच."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण या माणसाला मी हरायला हवी होते, आणि तरी तो माझ्यापेक्षा नीट मोजत होता. घरी सगळ्यांना मी जिंकायला हवी होते आणि तिथे कुणाच्याही आकड्यावर विश्वास ठेवावा अशी परिस्थिती नव्हती.

आणि आता सातवी पायरी. तिथे मी तीन आठवडे अडकले. सातव्या पायरीनंतर जिना वळतो, दोर भिंतीपासून लांब जातो आणि पाय टाकायची जागा एका बाजूला चिंचोळी होते. सहा पायऱ्यांपर्यंत खाली बघितलं तर दुकान दिसतं. सातवरून पुढे बघितलं की फक्त दगड. दर वेळी मी तिथे जायचे, उजवा पाय उचलायचे, आणि खुबा मला बाथरूमची फरशी आठवून द्यायचा. मी पाय परत ठेवायचे. खालून आवाज यायचा, "सात."

दुसऱ्या आठवड्यात मी तिथे उभी असताना, वर सांगितल्याप्रमाणे, माझं मागचं आयुष्य दिसेल अशी फार वाट पाहिली. दिसला तो एक शब्दकोश.

कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी तो नेला होता आणि परत देत नव्हते. मोठे वक्ते होते, ज्ञानदानावर बोलायचे. मी नवीन होते. तक्रार करून पाहिली, प्राचार्य हसले. मग मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांच्या खोलीत जाऊन एकच वाक्य म्हणायला लागले: "सर, शब्दकोश." पुढे काही नाही. ते कधी चिडले, कधी चहा पाजला, एकदा मला कविता ऐकवली. मी ऐकून घेतली आणि पुढच्या पहिल्या तारखेला परत गेले. अकरा वर्षांनी, निवृत्त व्हायच्या दिवशी, त्यांनी तो माझ्या टेबलावर आपटला. वरचं पान वाळवीने खाल्लं होतं. मी पावती फाडली.

बत्तीस वर्षांतलं माझं यश म्हणाल तर असं आहे. त्याला उभं राहून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि वाजवल्या असत्या तर मला वाटतं मी पहिल्याच वर्षी थांबले असते. टाळी पडली की माणसाला वाटतं काम झालं. शब्दकोश तर अजून त्यांच्याच कपाटात होता.

मी उजवा पाय उचलला आणि स्वतःशी म्हटलं, "सर, शब्दकोश." पाय ठेवला नाही. परत आणला. पण त्या दिवसापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी सातवर उभी राहून तेवढंच करायचं ठरवलं: पाय उचलायचा, पुढच्या पायरीवर टेकवायचा, परत आणायचा. चढायचं नाही. चौथ्या खेपेला माझ्या लक्षात यायच्या आत मी आठवर होते.

"आठ," खालून आवाज आला. मग जरा थांबून, "रस्सी की गांठ ढीली है, कसवा देता हूं." गाठ आवळल्यावर त्याचं गोदाम लांबणार होतं. त्याने आवळून घेतली.

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी, आणि ती कबूल करताना मला मुळीच आनंद होत नाही. कालच्यावर आजची रचायची, एवढंच मी करत होते. म्हणजे भाऊ सांगत होता तेच. बरोबर गोष्ट चुकीच्या माणसाने, हातात माइक घेऊन सांगितली, की ती ऐकणाऱ्याला पटायला उगाच सहा महिने जास्त लागतात.

घरच्या वहीत मी यातलं काही लिहिलं नाही. तिथे मी "आज स्वतः पाणी ओतून घेतलं", "आज मोज्याची जोडी जुळवली" असलं लिहायचे. भाऊ खूश होता. जितकं यश लहान, तितका त्याचा आवाज मोठा व्हायचा. मोज्याच्या दिवशी त्याला भरून आलं. दाना ओलीत मी चौदावर पोचले होते. पाडव्याला बारा दिवस होते तेव्हा मी एकोणीस चढले, कुलूप उघडलं, माझ्या खुर्चीवर बसले आणि पंधरा मिनिटं पुस्तकांच्या धुळीने शिंकत राहिले. खाली आले तेव्हा दुकानदार जिरं तोलत होता.

"उन्नीस," मी म्हटलं.

"सुना मैंने," तो म्हणाला. "छींक रही थीं." त्याने जिऱ्याची पुडी बांधली. "तो गोदाम के लिए मैं दूसरी जगह देखूं?"

"देखो."

त्याच आठवड्यात भावाने जेवणाच्या टेबलाशी जाहीर केलं, की मंडळाचा या वर्षीचा 'लघुयश सन्मान' मला मिळणार. पाडव्याला सकाळी, सभागृहात, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते. आणि तिथेच व्यासपीठावर मी किल्ली आणि पुस्तकं मंडळाला अर्पण करायची. 'अर्पण' हा त्याचा शब्द.

भावजय म्हणाली, "आज पोळ्या करपल्या नाहीत," आणि माझ्याकडे पाहिलं.

पाडव्याच्या सकाळी आम्ही मंडळाच्या इमारतीशी उतरलो. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे. खाली, जिन्याच्या तोंडाशी, एक लाकडी खुर्ची ठेवली होती. तिच्या दोन्ही बाजूंना बांबू बांधले होते, पाठीला झेंडूची माळ होती, आणि फेटे बांधलेले चार कार्यकर्ते उभे होते. मला वाटलं पाहुणे येतात त्यांच्यासाठी असेल.

"बस ताई," भाऊ म्हणाला.

"कशासाठी?"

"वर न्यायला. वाजतगाजत."

"सन्मान कशाचा आहे माझा?"

"चालण्याचा," तो म्हणाला, आणि त्याला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही. चालल्याबद्दल ज्या बाईचा सत्कार करायचा, तिला उचलून न्यायचं, हे ठरवायला तीन सभा झाल्या होत्या आणि इतिवृत्तात एकमताने मंजूर असं लिहिलेलं आहे.

मी खुर्चीच्या बाजूने जिन्याकडे वळले. भावाने माझा दंड धरला. "ताई, तमाशा नको करूस. फोटोवाला वर आहे."

"मग वरच भेटते त्याला."

"पडलीस तर? ताई, मी सांगतो, पडलीस तर?" आवाज खाली गेला होता. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्याशी माइकशिवाय बोलला, आणि मला दिसलं की तो खरोखर घाबरलेला आहे. मी पडले त्या दिवशी बाथरूमचं दार त्यानेच तोडलं होतं.

"पाडणारी फरशी तुझ्याकडे आहे," मी म्हटलं. "माझ्याकडे दोर आहे. दंड सोड."

त्याने सोडला. मंडळाचा जिना रुंद आहे, कठड्याचा, ठेंगण्या पायऱ्यांचा. दाना ओलीच्या मानाने तो जिना नाहीच, उतार आहे. चौथ्या पायरीवर खाली कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. मी थांबून म्हटलं, "वर पोचू द्या आधी." टाळ्या थांबल्या. बाकीच्या पायऱ्या शांततेत झाल्या. कुणी मोजल्या नाहीत.

एवढ्यात प्रमुख पाहुणे आले. कुठल्याशा मोठ्या पदावरून निवृत्त, बंद गळ्याचा कोट, दोन्ही गुडघे गेलेले. त्यांनी जिना पाहिला, मग रिकामी खुर्ची पाहिली, आणि "अरे वा, किती विचार केलाय" म्हणून माळ बाजूला करून बसले. फेटेवाले एकमेकांकडे बघत राहिले. त्यांना वर न्यायला पाचवा माणूस लागला. सनई लागली ती त्यांच्यासाठी.

व्यासपीठावर मला पगडी घातली. मंडळाकडे एकच पगडी आहे. फोटोपुरती घालतात आणि पेटीत परत ठेवतात. ती माझ्या अंबाड्यावर बसेना, म्हणून एका कार्यकर्त्याने मागून धरून ठेवली. फोटोत त्याची चार बोटं आली आहेत. पाहुणे शिखरांविषयी बोलले. मग मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलं.

मी म्हटलं, "मी बारा दिवसांपूर्वी माझा जिना चढले आहे. आज घरी जाते आहे. किल्ली देणार नाही. पुस्तकं वाचायची असतील त्यांनी वर यावं, एकोणीस पायऱ्या आहेत."

वीस शब्द असतील नाहीतर पंचवीस. दोनांपेक्षा जास्तच झाले. सभागृहात कुणालाच कळेना टाळ्या वाजवायच्या की नाही. शेवटी भावानेच वाजवायला सुरुवात केली. चिटणीसाला शांतता सहन होत नाही. पण डोळे पुसत होता तो, आणि ते मोज्याच्या दिवसासारखं नव्हतं.

संध्याकाळी भावजयीने मला दाना ओलीत पोचवलं. डबा दिला, श्रीखंडाचा, आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहून मी वर पोचेपर्यंत पाहत होती. पुतणीने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, की रात्री टेबलाशी आजचं यश विचारल्यावर आई म्हणाली, "वन्संना घरी नेऊन सोडलं. गेले दोन महिने नेत होते." बाबांनी पेनाला टोपण लावलं. "फिर बोले, चलो खाना लगाओ. आत्या, वही बंद झाली!"

आता त्यालाही काही महिने झाले. कुणी पुस्तकं वाचायला आलेलं नाही. भाऊ रविवारी येतो, दर दोन पायऱ्यांना दम खातो, आणि वर आल्यावर किती झाल्या ते सांगतो. मी टाळ्या वाजवत नाही. चहा देते.

सन्मानाबरोबर एक स्मृतिचिन्ह मिळालं होतं. काळ्या दगडाच्या बैठकीवर पितळेच्या तीन पायऱ्या, आणि वरच्या पायरीवर घोडेस्वार. चार किलोचं आहे. दुकानदाराने तोलून पाहिलं. एका हातात काठी आणि एका हातात दोर असल्यामुळे मला ते वर नेता येत नाही. खालीच असतं. वारा असला की त्याने दुकानाचं दार अडवतात.